हरभऱ्याचा प्रवास : सिसिलीपासून शेगावपर्यंत

परमुलखात गेलेला प्रवासी तेथील देवळे, किल्ले आणि राजवाडे पाहतो, त्यांची टिपणे करतो आणि घरी परतल्यावर त्यांतील बहुतेक विसरून जातो. जे तो सहसा विसरत नाही, ते तेथे खाल्लेले अन्न. त्या अन्नासंबंधी त्याच्या मनात एक समजूतही घट्ट बसलेली असते. हे येथलेच, ह्याच मातीतले, इतरत्र कोठे मिळावयाचे नाही, अशी ती समजूत. ती मोठी गोड असते. परंतु इतिहासाच्या कसोटीस ती क्वचितच उतरते.

भूमध्य समुद्रात, इटलीच्या दक्षिण टोकाशी, सिसिली नावाचे मोठे बेट आहे आणि पालेर्मो हे त्याचे मुख्य शहर. ह्या शहरातील बाजारपेठांच्या अरुंद गल्ल्यांतून तळणाची छोटी छोटी दुकाने असतात. तेथे 'पानेल्ले' नावाचा एक पदार्थ मिळतो. हरभऱ्याचे पीठ पाण्यात कालवून चुलीवर ठेवावयाचे, गुठळी होऊ न देता घोटीत राहावयाचे, घट्ट झाले की त्यात बारीक चिरलेली पार्सलीची पाने घालून ते पातळ थापावयाचे, निवल्यावर तुकडे कापावयाचे आणि तेलात तळून काढावयाचे. वर लिंबू पिळून, तिळ लावलेल्या पावात घालून लोक ते रस्त्यात उभ्या उभ्या खातात. पार्सलीच्या जागी कोथिंबीर घातली, फोडणीस मिरची आणि लसूण टाकली, तर ही कृती ऐकणारी वऱ्हाडातील कोणतीही गृहिणी म्हणेल, 'अहो, ही तर आमची पातोडी!' पुणेकर तिला पाटवडी म्हणतात. वऱ्हाडात ती तळण्याऐवजी बहुधा झणझणीत रश्श्यात सोडतात, एवढाच काय तो भेद.

हे साम्य पाहून कोणी कोणाचे अनुकरण केले असे मानण्याचे कारण नाही. पिठाचा गुणच तसा आहे. हरभऱ्याचे पीठ शिजले की आपोआप आळते आणि निवले की त्याची वडी पडते. पालेर्मोच्या आचाऱ्याला हे जसे कळले तसेच वऱ्हाडच्या गृहिणीला कळले. पण पीठ दोन्हीकडे एकच आले कोठून, हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा आहे.

हरभऱ्याचे मूळ घर भूमध्य समुद्राच्या पूर्वेस, आजच्या तुर्कस्तानचा आग्नेय भाग व त्यास लागून असलेला सिरिया, येथे होते असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. त्याचा रानटी भाऊबंद आजही त्या टापूत उगवतो. तेथील मनुष्याने गहू, जव आणि मसूर यांच्याबरोबरच हरभराही शेतात आणला. पश्चिमेकडे तो ग्रीस व रोमपर्यंत गेला. रोमचा सुप्रसिद्ध वक्ता सिसरो याचे आडनावच मुळी हरभऱ्यावरून पडलेले होते, आणि इसवी सनापूर्वी ७५ साली तो सिसिलीतच सरकारी अधिकारी होता. पूर्वेकडे तो इराणवरून हिंदुस्थानात आला. सिंधू संस्कृतीच्या अवशेषांत त्याचे जळालेले दाणे सापडले आहेत. संस्कृतात तो चणक झाला, आणि ज्याला आपल्याकडे हजारो वर्षे घर मिळाले त्याला परका कोण म्हणणार?

ह्या दाण्याविषयी सिसिलीत एक भयंकर आख्यायिका आहे. इ. स. १२८२ च्या मार्च महिन्यात, ईस्टरच्या सणात, पालेर्मोच्या लोकांनी फ्रेंच राजसत्तेविरुद्ध बंड केले आणि शहरातील फ्रेंचांची कत्तल आरंभिली. फ्रेंच कोण व सिसिलियन कोण हे ओळखावे कसे? तर संशयित मनुष्यापुढे हरभरे धरून त्यांचे नाव उच्चारावयास सांगत. सिसिलीच्या बोलीत ते नाव 'चीचिरी' असे आहे. फ्रेंच जिभेस तो 'च' साधत नसे, आणि ज्याला साधला नाही त्याचे प्राण गेले. बंड खरे आहे. हरभऱ्याची गोष्ट कितपत खरी, हे इतिहासकार ठरवोत. मात्र आपला आणि परका यांची निवड अन्नावरून करण्याची बुद्धी मनुष्याला किती सहज सुचते, हे त्या गोष्टीवरून दिसते. ही बुद्धी आपल्याकडे नव्हती असे कोणी समजू नये. तिचा विचार पुढे यावयाचा आहे.

देवघेव एकतर्फीही नव्हती. नवव्या शतकात अरबांनी सिसिली जिंकण्यास आरंभ केला आणि इ. स. ८३१ मध्ये पालेर्मो त्यांच्या हाती आले. त्यांच्या राजवटीत त्या बेटावर ऊस आला, लिंबू आले आणि पुढे भूमध्य प्रदेशाच्या स्वयंपाकघरात वांगेही रुळले. ही सारी मंडळी पूर्वेकडून, हिंदुस्थानाकडून गेलेली. संस्कृतातील 'वातिंगण' फारसीत 'बादिंगान' झाले, अरबीत 'बादिंजान' झाले, आणि इटालियन लोकांच्या तोंडी त्याचे 'मेलांझाना' झाले, अशी त्या नावाची वाटचाल भाषापंडित सांगतात. आज वांग्याची 'कापोनाता' ही सिसिलीची खास भाजी म्हणून प्रवाशापुढे येते. वऱ्हाडातील शेतकरी कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजून त्यांचे भरीत करतो. तोही ते आपलेच म्हणतो, आणि त्याचे म्हणणे अधिक खरे आहे. वांगे इकडून तिकडे गेले, हरभरा तिकडून इकडे आला.

आता ज्या जिल्ह्यात हा हरभरा विशेष रुजला तेथे वळू. बुलढाणा जिल्हा वऱ्हाडच्या पश्चिम टोकास आहे. तेथील लोक आपल्या मुलखाचे दोनच भाग करतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाट म्हणजे अजिंठ्याची डोंगररांग. तिच्या माथ्यावर बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेडराजा, देऊळगावराजा आणि लोणार; तिच्या पायथ्याशी पूर्णा नदीच्या सखल खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव आणि पलीकडे सातपुड्याजवळ जळगाव जामोद. खालची जमीन काळी आणि खोल. पूर्णेच्या दोहों बाजूंस खारपाणपट्टा पसरलेला असून तेथील विहिरींचे पाणी खारट असते. ते माणसाला पिववत नाही व पिकालाही मानवत नाही.

अशा जमिनीत हरभरा का पिकावा, ह्याचे उत्तर मोठे मनोवेधक आहे. भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून हरभरा मूळचा थंडीचे पीक. वऱ्हाडात पाऊस पावसाळ्यात पडतो आणि हिवाळा कोरडा जातो. मग त्या परदेशी पिकाने तग कसा धरला? काळ्या मातीने त्याची सोय केली. चार महिन्यांचा पाऊस ती पोटात साठविते आणि थंडीत हळूहळू सोडते. त्या ओलीवर आणि पहाटेच्या दहिवरावर हरभरा वाढतो. विहिरीच्या पाण्याची त्याला फारशी अपेक्षा नसते. त्याच्या पानांवर आंबट द्रव जमतो. पहाटे पिकावर स्वच्छ फडके फिरवून व ते पिळून ही 'आंब' जमविण्याची रीत जुनी आहे; पोटदुखीवर ती देत असत. झाडाचे कोवळे शेंडे खुडले तर त्यांची भाजी होते, आणि खुडलेले झाड अधिक फांद्या फोडते, म्हणून ही चोरी शेतकऱ्याला खुपत नाही.

पूर्वीच्या काळी ह्या मुलखातून वाट काढणाऱ्या मनुष्याची मदार मुख्यतः ह्याच दाण्यावर असे. वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या बैलांवर लादून उत्तरेस मिर्झापूरपर्यंत जात असे. परतीच्या वाटेवर मीठ व इतर जिन्नस येत. महिनोन् महिने चालणाऱ्या अशा तांड्यांना, तसेच यात्रेकरूंना व शिपायांना, वाटेत तासन् तास डाळ शिजवीत बसणे परवडणारे नव्हते. शिवाय ठिकठिकाणचे पाणी निराळे, आणि जड पाण्यात डाळ शिजता शिजत नाही. पिठाला ही अडचण नाही. तीन दगडांची चूल, मूठभर काटक्या, एक कांदा असला तर असला, आणि दहा मिनिटांत पिठले तयार. वऱ्हाडात ह्या पिठल्याला लोक नुसते 'बेसन' म्हणतात. ज्याला चूलही मांडावयाची नाही त्याच्या फडक्यात फुटाणे आणि गूळ, किंवा भाजलेले गहू व डाळे दळून केलेले सातूचे पीठ. ते पाण्यात कालविले की जेवण झाले. घोड्याच्या तोबऱ्यातही तोच हरभरा असे. स्वार आणि घोडा यांचे अन्न एकच असण्याचा असा योग इतर धान्यांच्या बाबतीत क्वचितच येतो.

ह्या जिल्ह्याच्या ताटातले बाकीचे सोबतीही दूरचेच आहेत. ज्वारीचा जन्म आफ्रिकेतला. सुदानच्या पूर्व भागात सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी तिची लागवड होत असल्याचा पुरावा अलीकडे मिळाला आहे. जवसाचे मूळ पुन्हा पश्चिम आशियात. मिरची तर अगदी अलीकडची. ती अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली, आणि तिच्यापूर्वी तिखटपणाचे काम मिरी व पिंपळी यांच्याकडे होते. तेव्हा हिरव्या मिरचीच्या ठेच्यावाचून जेवण नाही असे म्हणणाऱ्या वऱ्हाडी मनुष्याचे, चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीचे पूर्वज त्या ठेच्याशिवायच जेवत होते. अकबराच्या दरबारातील अबुल फजल याने शेजारच्या खानदेशाचे वर्णन करताना, लोकांचे मुख्य अन्न ज्वारी आहे आणि तिचे ताट इतके गोड व नाजूक असते की ते फळासारखे मानतात, अशी नोंद केली आहे. लोणारविषयी त्याने साबण व काच करण्याच्या द्रव्यांचा उल्लेख केला. तेथील खाऱ्या सरोवरातून निघणाऱ्या क्षाराचे दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की असे प्रकार व्यापारी ओळखीत असत. पापडाच्या पिठात अशाच जातीचा खार पडतो, म्हणजे उल्कापाताने झालेल्या त्या विवराचाही स्वयंपाकघराशी थोडाबहुत संबंध आहेच.

परंतु अन्न वाटेत मिळणे ही एक गोष्ट आणि ते खाता येणे ही दुसरी. जुन्या आचाराप्रमाणे पाण्यात शिजलेले अन्न लवकर विटाळत असे. तुपातेलात तळलेले किंवा दुधात भिजविलेले तितके नव्हे. प्रवासासाठी पीठ दुधात भिजवून दशम्या करीत, त्या टिकाऊ असतात म्हणून, आणि सोवळ्याच्या दृष्टीनेही त्या चालत म्हणून. भाकरी आणि पिठले ही मात्र पाण्याची. ती कोणाच्या हातची आहेत, कोणाच्या पंक्तीला आहेत, हे पाहिल्याशिवाय घास तोंडात जात नसे. अस्पृश्य मानलेल्या मनुष्याला तर गावच्या पाणवठ्यावर ओंजळही भरता येत नव्हती. तहान एकच, दाणा एकच. तरी 'चीचिरी' म्हणावयास लावणारे पहारेकरी जागोजाग उभे होते.

ह्या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का आगगाडीने दिला. मुंबईहून निघालेला जी. आय. पी. कंपनीचा रस्ता भुसावळवरून मलकापूर, नांदुरा, शेगाव असा वऱ्हाडात शिरला आणि १८६७ साली नागपुरास पोचला. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंतचा छोटा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला, कारण खामगावची कापसाची पेठ त्या वेळी फार मोठी होती. गाडीच्या बाकावर कोण कोणाशेजारी बसले हे पाहावयास सवड नव्हती. तथापि जुने नियम एका दिवसात मरत नाहीत. स्टेशनावर हिंदूंचे पाणी निराळे आणि मुसलमानांचे निराळे, ही चाल थेट स्वातंत्र्यापर्यंत टिकली. आपल्या स्टेशनांवरील फराळ पाहिला तर शेव, चिवडा, भजी, पुरी, वडे असा बहुतेक तळलेलाच दिसतो. तळलेले टिकते हे त्याचे एक कारण. आणि तळलेल्याला विटाळ कमी, हे दुसरे. आज ते दुसरे कारण कोणाच्या लक्षातही राहिलेले नाही, ही गोष्ट चांगलीच म्हणावयाची.

ज्या शेगावास आगगाडी थांबू लागली, तेथेच २३ फेब्रुवारी १८७८ रोजी श्री गजाननमहाराज प्रथम दृष्टीस पडले असे त्यांचे भक्त मानतात. त्या दिवशीची हकीकत दासगणूमहाराजांच्या १९३९ च्या चरित्रग्रंथामुळे घरोघर पोचली आहे. देविदास पातुरकर यांच्या घराबाहेर जेवणावळीच्या उष्ट्या पत्रावळी पडल्या होत्या आणि एक दिगंबर तरुण त्यांवरील अन्नकण वेचून खात होता. त्याला पाणी आणून देण्याची धावपळ होईपर्यंत तो जनावरांसाठी साठविलेल्या पाण्यावर तहान भागवून मोकळाही झाला. कथा म्हणून पाहा किंवा इतिहास म्हणून पाहा, तिचे टोक कोणाकडे आहे हे त्या काळच्या माणसाला सांगावे लागत नव्हते. उष्टे आणि निर्मळ, माणसाचे पाणी आणि जनावराचे पाणी, ह्या भेदांवर ज्या समाजाची पंगत उभी होती, त्या समाजाच्या दारात हे घडले. महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी समाधी घेतली. भक्त आजही त्यांना पक्वान्नांपेक्षा भाकरी, झुणका, अंबाडीची भाजी आणि हिरव्या मिरच्या यांचा नैवेद्य प्रिय मानतात. शेगावास येणारा यात्रेकरू संस्थानच्या महाप्रसादास बसतो, तेव्हा शेजारचा मनुष्य कोण, हे विचारीत नाही.

ह्या नैवेद्याचे मोल पुरते कळावयाचे असेल तर मधला एक काळ आठवावा लागतो. १८६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि ज्वारीची कितीतरी जमीन कापसाखाली गेली. पैसा आला, पेवातले धान्य मात्र आटले. पुढे १८९६-९७ साली आणि पुन्हा १८९९-१९०० साली दुष्काळ पडला. दुसरा तो 'छप्पन्नाचा', विक्रम संवत १९५६ वरून त्याचे नाव पडले. पाऊस गेला, ज्वारी बुडाली, आणि जी आगगाडी कापूस भरून मुंबईस नेत होती तिच्याच डब्यांतून परप्रांताचे धान्य वऱ्हाडात आणावे लागले. रोख पीक घेणाऱ्या मजुराच्या हाती धान्य विकत घेण्यापुरता पैसा नव्हता. अशा मुलखात दोन भाकरी आणि वाटीभर बेसन ही साधी गोष्ट नव्हती. १९९५ मध्ये महाराष्ट्र सरकारने एका रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे उघडली, तेव्हा योजनेसाठी हेच दोन पदार्थ निवडले गेले, त्यामागे ही सारी आठवण होती असे म्हणता येईल. ती केंद्रे पुढे बंद पडली.

शेगावच्या स्टेशनावर आज प्रवासी खिडकीतून हात बाहेर काढतो तो बहुधा कचोरीसाठी. डाळ-पिठाचे तिखट सारण, वरचे आवरण तळून तांबूस झालेले, आणि सोबत तळलेली मिरची. ही शेगावची कचोरी म्हणून साऱ्या महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. परंतु तिचा इतिहास शेगावचा नाही. फाळणीच्या वणव्यातून पंजाब सोडून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास ह्या स्टेशनावर ती विकण्यास आरंभ केला. ज्याचे गाव नकाशाच्या पलीकडे गेले त्याने दुसऱ्या एका गावाला त्याची खूण मिळवून दिली. पंजाबी हात, वऱ्हाडी तिखट आणि मुंबई-नागपूरची गाडी, ह्या तिघांच्या मेळातून ती उभी राहिली. पन्नास-साठ वर्षांत एखादा पदार्थ 'येथलाच' होऊ शकतो, ह्याला याहून जवळचे उदाहरण शोधावयास नको.

मात्र पदार्थ येथला होणे निराळे आणि त्याचे धान्य येथे पिकणे निराळे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बुलढाणा जिल्ह्याच्या शेतांचे रूप पालटले आहे. खरिपात सोयाबीन आणि कापूस यांनी जमीन व्यापली. ज्वारी मागे हटत हटत बांधापर्यंत आली. ज्वारी गेली म्हणजे केवळ भाकरी गेली असे नव्हे, बैलाचा कडबाही गेला, आणि कडब्याबरोबर बैलही. हुरड्यासाठी मुद्दाम एखादे वाफे राखून ठेवणारा शेतकरी आता पाहुण्यांना कौतुकाने तेथे घेऊन जातो. ज्या घरांत पूर्वी ज्वारीची पेवे भरत, त्यांतील कित्येकांना भाकरीचे पीठ बाजारातून आणावे लागते. रस्त्याकाठच्या भोजनालयांच्या पाट्यांवर मात्र 'अस्सल वऱ्हाडी बेसन-भाकर' ही अक्षरे पूर्वीपेक्षा ठळक झाली आहेत. नागपूरहून शिर्डीपर्यंतचा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. तो मेहकर व सिंदखेडराजा यांच्या परिसरातून जातो, आणि मोटारीतला प्रवासी हा सारा घाटावरचा मुलूख एखाद्या तासात, काही न खाता, ओलांडतो.

हरभऱ्याने मात्र जागा सोडलेली नाही. सोयाबीन निघाले की त्याच रानात तो पेरतात. काळ्या मातीत उरलेली ओल त्याला अजून पुरते. मार्गशीर्षात बायका शेंडे खुडावयास शेतात उतरतात, आणि पौष-माघात रस्त्याच्या कडेला हिरव्या घाट्यांनी लगडलेल्या झाडांच्या जुड्या विकावयास बसतात. घाटे सोलून ओले दाणे खात खात प्रवासी पुढे जातो, आणि टरफले गाडीच्या खिडकीतून मागे पडत राहतात.